बाईंची दुरुस्ती

मला चुकीचं शुद्धलेखन बघवत नाही. हा गुण नव्हे, खोड आहे. त्या खोडीपायी काय झालं ते सांगायचं तर आधी माझ्याबद्दल सांगावं लागेल. ओमदुरमानच्या एका प्राथमिक शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. एवढ्या वह्या तपासल्या की माझ्या डोळ्याला आधी चूक दिसते, मजकूर मागून दिसतो. कधी कधी तर दिसतच नाही. आमच्या वस्तीत अर्ध्या लोकांचे कान मी कधी ना कधी पिरगाळलेले आहेत, त्यामुळे मला इहसान म्हणून कोणी हाक मारत नाही. सगळ्यांची मी बाई.

लढाई सुरू झाल्यापासून आमच्या वस्तीचं एक दफ्तर होतं. कागदाचं नव्हे, फोनमधलं. कुठल्या विहिरीला पाणी आहे, कुठे डॉक्टर बसतो, कुठला रस्ता मोकळा आहे आणि कुठल्या गच्चीवर बंदूकवाला बसलाय, हे सगळं त्यात असायचं. माझी जुनी विद्यार्थिनी तगवा हिने ते रचलं, वस्तीला शिकवलं आणि मग सीमेपलीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "बाई, हे कुणा एकाच्या घरी ठेवलेलं नाही. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये ज्याची त्याची प्रत. कुणाला धरून नेलं तरी दफ्तर नेता येणार नाही." नेट तर कधीच गेलं होतं. दोन माणसं दहा पावलांवर आली की त्यांचे फोन आपसांत बोलायचे, नव्या ओळी इकडून तिकडे जायच्या. माणसांनी एकमेकांकडे बघितलं नाही तरी चालायचं.

पण कुणाचीही ओळ कुणीही घ्यायची असं नव्हतं. जामीन लागायचा. मी जुबाराला जामीन आहे असं फोनला सांगितलं की जुबाराच्या ओळी मी घेणार, आणि जुबारा ज्यांना जामीन आहे त्यांच्याही. तिथे थांबायचं, त्यापुढे नाही. जामीनकी काढून घेतली की त्या माणसाने लिहिलेलं आणि बदललेलं सगळं तुमच्या प्रतीतून गळून पडायचं. प्रत्येक ओळीखाली शेवटचा हात ज्याचा लागला त्याचं नाव. त्याआधीचे हात बघायचे तर ओळीवर बोट दाबून धरायचं, पण तेवढी उसाभर कोण करतो? कुणी काही बदललं की बदललेली अक्षरं लाल दिसायची. तो लाल रंग तगवाने माझ्या पेनावरून घेतला होता. तेव्हा मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं.

रस्त्यांच्या ओळी बहुतेक माझ्या दिराच्या असत. बाबिकर पाट्या रंगवायचा. बाजारातल्या प्रत्येक दुकानाच्या कपाळावर त्याचं अक्षर, म्हणून त्याला सगळे ओळखायचे आणि तो कुठेही फिरायचा. बाबिकरला सगळी वस्तीच जामीन होती. माझं दफ्तरातलं काम एवढंच की लोकांच्या ओळींतली टिंबं आणि अक्षरं नीट करायची. मी तीन महिने उंबरा ओलांडला नव्हता. मला भीती वाटायची, आणि ती मी लपवतही नव्हते.

त्या आठवड्यात बाबिकर आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेला तो चार दिवस परतला नाही. त्याच आठवड्यात माझी मुलगी बतूल, जी पलीकडच्या वस्तीत सासरी होती, तिला नववा लागून पंधरा दिवस झाले होते आणि सुईणीने सांगितलं होतं की मूल आडवं आहे, इथे होणार नाही, दवाखाना गाठा. दवाखाना गिरणीच्या पलीकडे. बतूल आणि तिच्या गल्लीतली दहा-बारा माणसं रस्ता मोकळा झाल्याच्या बातमीची वाट बघत बसली होती. गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर निघायचं, रस्ता असेल तर गिरणीचा, नसेल तर नदीकाठचा, असं ठरलं होतं. नदीकाठचा रस्ता दुप्पट लांब होता.

गुरुवारी सकाळी आठला जुबारा पाणी घेऊन आला. गाढवाच्या गाडीवर पिंप, आणि पिंपाखाली फडक्यात गुंडाळलेला फोन. पाणीवाल्याला कोणी अडवत नाही, बंदूकवाल्यांनाही तहान लागते, म्हणून दफ्तर सगळ्यांत जास्त फिरायचं ते त्याच्या गाडीवरून. तो माठ भरत होता तेवढ्यात माझ्या फोनवर नवी ओळ आली. खाली नाव बाबिकरचं. गिरणीचा रस्ता सूकपर्यंत सालिक आहे, स्वतः चाललो, सकाळी सात.

सूक म्हणजे बाजार, आणि सालिक म्हणजे जाण्याजोगा. चार दिवसांनी दिराची खबर आली, मुलीचा रस्ता मोकळा झाला, आणि मला काय दिसलं? तर आमच्या लिपीत 'स' दोन आहेत, एक सीन आणि एक जाडा साद, आणि या माणसाने सीनच्या जागी साद घातला होता. सूकमध्ये साद, सालिकमध्ये साद. एका ओळीत चार. कीबोर्डवर दोन्ही अक्षरं वर-खालीच आहेत, घाईत बोट सरकलं असेल, असं मी स्वतःशी म्हटलं. आणि माठ भरून होण्याच्या आत चारही अक्षरं नीट करून टाकली. वर पुटपुटलेसुद्धा, की पाट्या रंगवून पोट भरतो आणि सूक लिहिता येत नाही.

"जातो बाई," जुबारा म्हणाला. "आता तुमच्या बतूलच्या वस्तीत जायचंय. काही सांगू?"

"तिला म्हण, रस्ता झालाय. दफ्तर बघ म्हणावं."

"बघेल की. तुमचं नाव दिसल्यावर कोण नाही बघणार?"

तो गेला. मी कॉफीत घालायचं आलं कुटायला बसले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

माझी सासू, हाज्जा बखीता, अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर पडून असायची. तिला वाचता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. दहाच्या सुमारास तिने विचारलं, "लेकाचं काही आलं का गं?"

"आलं. गिरणीचा रस्ता मोकळा आहे म्हणतो. सकाळी सातला स्वतः चालून गेलाय."

"सातला गिरणीपाशी होता? मग घरी का नाही आला? गिरणीपासून इथे यायला काय उंट लागतो?"

"येईल हो. गोळ्या मिळाल्या नसतील अजून."

"खड्ड्यात गेल्या गोळ्या. वाच, काय लिहिलंय ते वाच. त्याच्या शब्दांत वाच."

मी वाचलं. आणि हाज्जाला जरा हसवावं म्हणून म्हटलं, "तुमच्या लेकाच्या चार चुका काढल्या मी आज. एका ओळीत. नापास केला असता."

"कसल्या चुका?"

"सीनच्या जागी साद. चारही ठिकाणी."

हाज्जा हसली. पण माझ्या बोलण्याला नाही, मलाच हसली. "बाबिकर? दुसऱ्या कुणाचं तरी वाचतेयस तू. अगं, त्या औषधवाल्याच्या पाटीवर एक टिंब राहिलं होतं, तर ईदच्या दिवशी नवे कपडे घालून शिडीवर चढला होता माझा मुलगा. रंगात माखून आला, मी चपलेने मारला. आणि तो साद घालतो म्हणे, चार वेळा."

मी बत्ता खाली ठेवला.

एकदा बोट सरकतं. चारदा सरकत नाही. आणि बाबिकरचं तर एकदाही सरकलं नसतं. अंधारात, भिंतीकडे तोंड करून, डाव्या हातानेही तो माणूस सूक बरोबर लिहील. त्याने साद घातला होता कारण त्याला तो घालायचा होता. त्याच्या शेजारी कोणीतरी उभं होतं, ते सांगत होतं आणि हा लिहीत होता, आणि सांगणाऱ्याला सीन-साद कळत नव्हतं. वस्तीतल्या कुणालाही ती ओळ बघून प्रश्न पडला असता, की बाबिकर आणि असं लिहितो? चार अक्षरांत त्याने सांगितलं होतं की या रस्त्याने येऊ नका. मी ती चार अक्षरं पुसली आणि खाली माझं नाव लावून मुलीकडे पाठवून दिली.

मी फोन घेतला, ओळच खोडून टाकावी म्हणून. पण जुबारा जाऊन दोन तास झाले होते. इथे मी काहीही खोडलं तरी ते पोचवायला दुसरं कोणीतरी तिकडे जायला हवं, आणि त्या दिवशी आता कोणी येणार नव्हतं.

"काय झालं?" हाज्जा म्हणाली.

"बतूलकडे जाऊन येते."

"तू?" ती उठून बसली. "तू तर कचरा टाकायलासुद्धा बाहेर जात नाहीस."

"आज जाते. सुईणीचा निरोप द्यायचाय." मी खोटं बोलले. ज्या बाईच्या मुलाच्या डोक्यावर बंदूक आहे तिला ते सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

फोन मी बंद केला आणि पिठाच्या डब्यात खुपसला. ओळ खोडून तो बरोबर नेला असता, तर वाटेत झडतीत सापडला असता आणि सगळं दफ्तर बंदूकवाल्यांच्या हाती लागलं असतं. फडक्यात किसऱ्याच्या चार भाकऱ्या बांधल्या, अंगभर गुंडाळायचा तोब डोक्यावरून घेतला आणि निघाले.

पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे. मला पाऊण तास लागला. गल्ल्यांमध्ये माणूस नव्हतं. दारं उघडी, आत घरं रिकामी, एका ओट्यावर कोणाचातरी एकच बूट. मी भिंतीला धरून चालत होते आणि माझे पाय मागे ओढत होते, अक्षरशः, प्रत्येक कोपऱ्यावर मी त्यांना समजावून पुढे नेत होते. मोठा रस्ता ओलांडायच्या जागी एक पोरगेलासा बंदूकवाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता.

"कुठे, हाज्जा?" आमच्याकडे वयस्कर बाईला सगळेच हाज्जा म्हणतात.

"मुलगी अडलीय. बाळंतपण आहे."

"फडक्यात काय?"

"किसरा. घे, खा."

त्याने एक घेतली, निम्मी तोंडात घातली. "फोन दे."

"फोन? बाळा, मला चष्मा लावूनसुद्धा घड्याळ दिसत नाही. फोन घेऊन काय करू, कानाला लावून झोपू?"

तो चावत माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा उठणार. पण त्याने हात हलवला आणि दुसरी भाकरी काढून घेतली. मी रस्ता ओलांडला. पलीकडच्या गल्लीत शिरल्यावर भिंतीशी वाकून उलटी केली, तोंड पुसलं आणि पुढे निघाले.

बतूलच्या गल्लीत पोचले तेव्हा दुपारची बांग व्हायची होती. ज्या हातगाडीवरून तिला न्यायचं होतं ती दाराशी नव्हती. दार बंद होतं. मी दारावर थाप मारली नाही, कारण आतून कोणी बोललं नसतं तर मला ते सहन झालं नसतं. तशीच उभी राहिले. मग आतून जावयाचा आवाज आला, पाण्याची बाटली कुठाय म्हणून, आणि मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

बतूलने उघडलं. पोट धरून उभी होती. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई, तू कशी आलीस?"

"गिरणीच्या रस्त्याने जाऊ नका."

"नाही जात. बस आधी."

"ती ओळ माझी नाही, बतूल. म्हणजे माझी आहे, पण..."

"माहितीय मला. बस म्हणते ना."

तिने मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. सकाळी जुबारा आला आणि सगळी गल्ली तिच्या दारात गोळा झाली, बाईंनी लिहिलंय, रस्ता झाला, चला म्हणून. जावयाने तर गादीसुद्धा गाडीवर घातली. "मला एवढंच वाटलं," बतूल म्हणाली, "की तू रस्त्याबद्दल कधीच लिहीत नाहीस. तू घराबाहेरच पडत नाहीस, तुला काय माहीत? म्हणून मी दाबून धरलं आणि खालचा हात बघितला. काकांचा होता. चार साद."

"तुला लगेच कळलं?"

"आई, मला लिहायला काकांनी शिकवलं. तू दिवसभर दुसऱ्यांची मुलं शिकवायचीस."

ती हे टोचून बोलली नाही. नुसतं सांगितलं. मी मान खाली घातली.

"मग मी तुझं नाव काढलं," ती म्हणाली. "जामीनकी काढली. तू गेलीस की काकांची ओळ खालून वर येते, होती तशी. मग घरोघर जाऊन प्रत्येकाला ती दाखवली. गाडी आता नदीकडच्या कोपऱ्यावर उभी आहे, आम्ही तिकडून निघतोय. रागावलीस?"

मी रागावले नव्हते. मुलीने आईवरचा विश्वास काढून घेतला होता आणि त्यानेच ती वाचली होती. मला रडू आलं. मी तिच्या पोटावर हात ठेवला, आतलं मूल हललं, आणि मला वाटलं, झालं, संपलं, आता घरी जाऊन हाज्जाला कॉफी करून द्यावी.

"आई, अजून एक आहे," बतूल हळू आवाजात म्हणाली. "काकांचा फोन त्यांच्याकडे आहे."

"असणारच."

"आणि काका तुला जामीन आहेत."

मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. बाबिकरचा फोन माझी दुरुस्ती घेणार होता. माझ्या दुरुस्तीला कोणी नको म्हणू शकत नव्हतं, ते फक्त बाबिकर म्हणू शकत होता, आणि फोन त्याच्या हातात नव्हता. ज्यांना सीन-साद कळत नव्हतं त्यांच्यासमोर ती ओळ उघडणार होती, आणि चारही अक्षरं लाल. खाली बाईचं नाव. तुम्ही धरून ठेवलेल्या माणसाने चार ठिकाणी चुकीचं लिहिलं होतं, हे मीच त्यांना शिकवणार होते.

"तिकडे कोण जातं?" मी विचारलं. "त्यांच्या नाक्यावर? दफ्तर घेऊन?"

"जुबारा. पाणी टाकायला. मी त्याला निघताना सांगितलं, आईचं नाव काढ म्हणून. हो म्हणाला."

"काढलं का?"

"म्हणाला ना हो."

"तू बघितलंस?"

जुबारा माझ्या वर्गात तीन वर्षं होता, एकाच इयत्तेत. तो कशालाही हो म्हणतो, हे मला माहीत होतं.

मी तिथेच तिचा निरोप घेतला. ती नदीकाठच्या रस्त्याने गेली आणि पोचली, मुलगी झाली, हे मला दोन दिवसांनी कळलं. त्या वेळी मी तिच्याकडे मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मशिदीच्या हातपंपाकडे धावत होते. साठीला आलेली बाई धावते तशी, तोब सावरत, तोंडाने श्वास घेत.

जुबारा पंपावरच होता. पिंप भरत होता, गाढव डोळे मिटून उभं होतं. दोन बायका डबे घेऊन वाट बघत होत्या. मला बघून त्याने पंपाचा दांडा सोडला.

"बाई? तुम्ही, बाहेर?"

"माझं नाव काढलंस?"

"काढलं, बाई." तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. गृहपाठ केला का विचारल्यावर असाच बघायचा.

"दाखव."

"बाई, हात ओले आहेत."

"जुबारा, दाखव."

त्याने पिंपाखालून फडकं काढलं, फोन काढला, पुसला, परत पुसला. त्याच्या जामिनांच्या यादीत सगळ्यांत वर माझं नाव होतं. बापाच्या नावाच्याही वर.

"कोणत्या तोंडाने काढू, बाई?" तो म्हणाला. तीस वर्षांचा बाप्या, पण आवाज रडवेला झाला होता. "माझा हात धरून तुम्ही मला अलिफ गिरवायला शिकवलंत. वस्तीत कळलं की जुबाराने बाईंचं नाव काढलं, तर माझी बायको मला घरात घेणार नाही. मला वाटलं मायलेकींचं काही भांडण झालंय. म्हटलं, दोन दिवसांत मिटेल, मग बाईंना काय सांगू? म्हणून हो म्हटलं नुसतं."

मी त्याला एक थोबाडीत मारायला हवी होती. शाळेत असते तर मारली असती. पण मी त्याचं बोट धरलं, तसंच, अलिफसाठी धरलं होतं तसं, आणि माझ्या नावावर ठेवून दाबलं. फोनने विचारलं, नक्की? पुन्हा दाबलं. माझं नाव गेलं.

"आता जा," मी म्हटलं. "नाक्यावर पाणी टाकायला जा, नेहमीसारखा. बाबिकर तिथे आहे का?"

"आहेत ना. सकाळी होते. भिंतीला टेकून बसवलं होतं, हात मोकळे होते. मला ओळख दिली नाही त्यांनी, मग मीही दिली नाही. तुमच्या घरी हाज्जा ऐकत होत्या, म्हणून सकाळी बोललो नाही."

"सकाळी म्हणजे? माझ्याकडे यायच्या आधी?"

"आधीपण, आणि नंतरपण. तुमच्याकडून इकडे आलो, इथे पाणी टाकलं, मग तिकडे गेलो. आता ही दुसरी खेप, बाई."

पंपावरच्या बायका आमच्याकडे बघत होत्या. मी कठड्यावर बसले. डोक्यात एकच हिशोब चालू होता, की पिंप किती अंतरावर उभं होतं, दहा पावलं की अकरा, आणि त्यांनी फोन उघडला की नाही उघडला. नसेल उघडला. दिवसभर कोण दफ्तर बघतं? लाल अक्षरं प्रत्येकाच्या डोळ्यांत भरतात असं थोडंच आहे? मी स्वतःला असं कितीतरी सांगितलं आणि त्यातलं काहीही मला पटलं नाही. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, बतूलसाठीसुद्धा नाही, कारण बतूलच्या वेळी मी काहीतरी करू शकत होते.

"जाऊन ये," मी म्हटलं. "आणि फक्त बघून ये. मी इथे बसते."

"घरी जा बाई. ऊन फार आहे."

"जा म्हणते ना."

तो गेला. मी कठड्यावर बसून राहिले. बायका आल्या, डबे भरले, गेल्या. एकीने ओळखलं, बाई, बरं नाही का म्हणून विचारलं, आणि डब्यातलं पाणी माझ्या हातावर ओतलं. दुपारचा नमाज झाला. गिरणीच्या बाजूने काही आवाज येतो का म्हणून मी कान देऊन होते. काहीच आला नाही, आणि त्यानेही मला बरं वाटलं नाही. तिसऱ्या प्रहरची बांग झाली तेव्हा कोपऱ्यावर गाढव दिसलं.

जुबारा गाडीवरून उतरला नाही. लगाम हातात घेऊन बसून राहिला, गाढवाच्या कानांकडे बघत.

"होता?"

"भिंतीशी कोणी नव्हतं, बाई."

"आत असेल."

"असतील. आत नेलं असेल. मी विचारलं नाही. विचारायचं होतं का?"

"नाही. बरं केलंस."

मी कठड्याला धरून उठले. हाज्जा अंगणात बाजेवर वाट बघत असणार होती, बतूलचं काय झालं ते विचारणार होती, आणि मग लेकाचं. जुबारा मला घरापर्यंत सोडायला तयार होता. मी गाडीवर चढले, रिकाम्या पिंपाला टेकून बसले. थोडं पुढे गेल्यावर त्याने मान न वळवता विचारलं, "बाई, आता तुमचं नाव परत घालू का?"

"नको," मी म्हटलं.